नाव मागाहून

मोजणीदार पहिल्या भेटीत कुणाला गाव विचारत नसत, जात विचारत नसत, पगार तर नाहीच नाही. ते विचारत, "हे नाव तुम्हाला कुणी ठेवलं?" आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडं बघत उभे राहत. नळदुर्गच्या मुलींच्या शाळेत रुजू होऊन मला चार दिवस झाले असतील. शाळेतून परत येताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला गाठलं, माझं नाव विचारलं आणि लगेच हा प्रश्न टाकला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, परक्या मुलखात एकटी आलेली, त्यामुळं सदा भांडायच्या तयारीत असायची. म्हटलं, "मला काय माहीत? मी पाळण्यात होते." त्यांना राग आला नाही. "बराबर आहे. ज्याचं त्याला ठाऊक नसतं," म्हणाले आणि छत्री टेकत पुढं गेले. काय विक्षिप्त म्हातारा आहे, असं पुटपुटत मी घरी आले आणि माझ्या घरमालकिणीला, बसम्माला, सगळं सांगितलं. ती सुपात तुरी घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मोजणीदार व्हय? त्येंचं मनावर घेऊ नगा. लई चांगला माणूस हाय. एकलाच हाय."

मी सोलापूरची. अंतर म्हणाल तर मोटारीनं दीड-दोन तास. पण आमच्याकडं इंग्रजांचं राज्य होतं आणि इकडं निजामाचं, त्यामुळं दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटायचं. इथं अर्जाला दरख्वास्त म्हणायचे आणि जिल्ह्याच्या गावाला कागदावर उस्मानाबाद लिहून तोंडानं धाराशिव म्हणायचे. मोजणीदारांची उभी हयात याच मुलखात गेली. निजामाच्या अमलात ते जमीन मोजायच्या खात्यात होते. लोखंडी साखळी, झेंड्या आणि दोन गडी बरोबर घेऊन त्यांनी येरमाळ्यापासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतची शिवारं पायाखाली घातली होती. निजाम गेला, हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि या सगळ्या धांदलीत ते कधीतरी पेन्शनीत निघाले. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. मराठी बोलायचे झकास, पण लिहायला बसले की हात उजवीकडून डावीकडं जायला बघायचा. इंग्रजी त्यांना आकड्यांपुरतं येत होतं. आमच्या समोरच्याच दोन खोल्यांत राहायचे, स्वतः भाकरी थापायचे, आणि ती गोल झाली नाही की स्वतःलाच शिव्या द्यायचे. शिव्याही उर्दूतच.

त्यांच्याकडं जाड पुठ्ठ्याच्या सात वह्या होत्या. त्यात जिल्ह्यातल्या शेतांची नावं होती. आपल्याकडं शेताच्या तुकड्यातुकड्याला नाव असतं हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. सासूची पट्टी, रडका माळ, उपाशी टेकाड, चुलत्याचा कोपरा. सरकारी टिपणात फक्त सर्वे नंबर जायचा. मोजणीदार मोजायचे नंबरासाठी, पण साखळी गुंडाळून झाली की बांधावर बसून शेतकऱ्याला विचारायचे, ह्या तुकड्याला काय म्हणता? मग ते नाव आपल्या वहीत लिहायचे. त्यापुढं आणखी एक प्रश्न असायचाच, की हे नाव कुणी ठेवलं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणाला देता यायचं नाही. मी एकदा म्हटलं, सरकारनं मागितलं नाही ते लिहायची हौस कशाला? तर म्हणाले, "कागदात नावाला रकानाच नाही, बाई. मग ते जाणार कुठं?" मी नाक मुरडलं. तेव्हा मला हे सगळं रिकामटेकड्या माणसाचे उद्योग वाटायचे.

पण एक दिवस मी स्टँडवर मोटारीची वाट बघत असताना पाहिलं. नवीन कचेरीतला एक तरुण कारकून हातात कागद घेऊन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला नंबर विचारत होता. म्हातारा कावराबावरा झालेला. त्याला नंबर माहीत नव्हता आणि कारकुनाला वाटलं, हा आपल्याला बनवतोय. आवाज चढत चालला होता. मोजणीदार चहाची बशी खाली ठेवून उठले, शेतकऱ्याला एवढंच विचारलं, की विहीर कुठल्या अंगाला, आणि मग कारकुनाकडं वळून त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. वर म्हणाले, "ह्याला रडका माळ म्हणतात. तसं विचारलं असतं तर ह्यानं तुम्हाला तिथं नेऊन उभं केलं असतं." कारकून वरमला. म्हाताऱ्यानं मोजणीदारांचे पाय धरले, ते त्यांना आवडलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्यांना मोजणीदारसाहेब म्हणायला लागले.

आता बर्फाचं सांगते. नळदुर्गचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला माहीत आहे, दुपारी दोन वाजता किल्ल्याचा दगडसुद्धा धापा टाकतो. गावात बर्फ म्हणजे सोलापूरहून भुशात घालून येणारी लादी. तीही अर्धी वाटेतच वितळायची. आणि हा म्हातारा भर मेच्या दुपारी बसम्माच्या ओसरीवर येऊन मला विचारतो, "बाई, दक्षिणेच्या टोकाला जो बर्फाचा मुलूख आहे, तिथं एकही माणूस नाही म्हणतात. खरं का?" स्टँडवरच्या हॉटेलात हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र एक दिवस शिळं यायचं, ते हे रोज शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. जगभरातले शास्त्रज्ञ तिथं तळ ठोकून बसलेत, मोजमापं घेताहेत, असं त्यात आलं होतं. मोजमापं म्हटल्यावर यांचे कान टवकारले. मी म्हटलं, खरं आहे, वस्ती नाही. "मग तिथल्या टेकाडांना नावं कोण ठेवतं?"

मला काही माहीत नव्हतं. पण शाळामास्तरीण 'माहीत नाही' कसं म्हणणार? बघून सांगते, म्हटलं. सुट्टीत सोलापूरला गेले तेव्हा रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात नेमका याच गोष्टीवर लांबलचक लेख होता, फोटोंसकट. तो मी परत येताना घेऊन आले आणि दर रविवारी दुपारी ओसरीवर बसून त्यांना वाचून, मराठीत करून सांगायला लागले. बसम्मा मध्ये सूप घेऊन बसायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाईमाणसानं परक्या पुरुषाबरोबर एकटं बसू नये एवढं तिला चांगलं कळत होतं.

त्या लेखात काय नव्हतं! बर्फाच्या मुलखात आधी जो पोचला तो दिसेल त्याला नाव देत सुटला. राजाचं नाव डोंगररांगेला, जहाजासाठी पैसे देणाऱ्याचं नाव पठाराला, जहाजाचं नाव खाडीला. एक सुळका चिमणीसारखा दिसला म्हणून चिमणी. एका ठिकाणी मोठा खंड असेल म्हणून गेले, निघालं नुसतं बेट, तर त्याच्या टोकाच्या भूशिराला नावच पडलं निराशा. पुढं पुढं बखेडा व्हायला लागला, एकाच डोंगराला तीन देशांची तीन नावं. मग समित्या बसल्या, नियम झाले. मोठा डोंगर मोठ्या माणसाला, मधला कप्तानाला, आणि बारीकसारीक टेकाडं, खडक हवा मोजणाऱ्याला, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला, स्वयंपाक्याला. मोजणीदार हे ऐकून हरखले. "स्वयंपाक्यालासुद्धा?" त्यांनी दोनदा विचारलं. मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

एका फ्रेंच दर्यावर्द्याची गोष्ट त्यांना फार लागली. त्यानं एका सबंध किनाऱ्याला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. ती बिचारी घरी. आणि पुढं त्या किनाऱ्यावरचे काळेपांढरे पक्षीही तिच्याच नावानं ओळखले जायला लागले. मोजणीदारांनी मासिक ओढून जवळ घेतलं. मग म्हणाले, "मी आमच्या घरच्यांना जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. अहो ऐकलं का, एवढंच. आणि ह्यानं बघा, पक्ष्यांच्या तोंडी नाव घातलं." मी विचारलं, काय नाव होतं त्यांचं? ते लाजले. सत्तरीच्या घरातला माणूस मान खाली घालून लाजला, आणि शेवटपर्यंत त्यांनी ते सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. काही दर्यावर्द्यांना धुक्यात बेटं दिसली, त्यांनी ती नावं देऊन नकाशावर मांडली, आणि मागून गेलेल्यांना तिथं नुसतं पाणी सापडलं. मग ती नावं नकाशावरून खोडली. यावर मी हसले. ते हसले नाहीत. पुढचे दोन रविवार ते एकच विचारत राहिले, की खोडल्यावर त्या नावाचं काय होतं, ते दुसऱ्या कशाला देतात का तसंच ठेवतात. मी वैतागून म्हटलं, मी काय ती समिती आहे का?

खरं सांगायचं तर मीही रविवारची वाट बघायला लागले होते. माझे आईवडील दोघंही गेलेले. भाऊ नाही, बहीण नाही. शाळेतल्या बाकीच्या बाया संसारवाल्या, साडेपाच वाजले की पदर खोचून पळायच्या. मी खोलीत येऊन दिवा लावायची आणि मुलींच्या वह्या तपासायची. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून तपासायची. भाऊबीजेच्या दिवशी बसम्मा शेंगाची पोळी आणून द्यायची आणि काही न बोलता जायची. समोरच्या खोलीत मोजणीदारही एकटेच भाकरी भाजत असायचे. दोघांच्या दिव्यांत फक्त एक गल्ली होती, पण कुणी कुणाकडं जायची सोय नव्हती.

मासिकातला लेख संपला तेव्हा पावसाळा सरला होता. शेवटी त्या नावं ठरवणाऱ्या समितीचा पत्ता छापला होता. मोजणीदार म्हणाले, "बाई, एक दरख्वास्त लिहायची आहे. इंग्रजीतून." आणि हात मागं बांधून, ओसरीवर येरझारा घालत त्यांनी मला ती सांगितली, अगदी खात्याच्या थाटात. अर्जदार अमुक, राहणार नळदुर्ग, पेशा मोजणी, तीस वर्षं नोकरी, कागद साफ. आपल्याकडं नाव न पडलेली पुष्कळ जागा पडीक आहे असं समजतं. त्यातली एक द्यावी. "डोंगर नको लिहा. टेकाड चालेल. खडक असला तरी चालेल. वाऱ्याच्या तोंडचा असला तरी तक्रार नाही." मी म्हटलं, बरं, आणि नाव काय द्यायचं? ते थांबले. "नाव मागाहून कळवू."

आता यावर काय बोलणार? मी त्यांना परोपरीनं समजावलं. अहो, ते नाव ठरवणारे लोक आहेत, त्यांना नावच कळवायचं नाही म्हणजे लग्नाला जाऊन नवरा मागाहून येतो म्हणण्यासारखं झालं. पण नाही. आधी जागा मंजूर होऊ द्या, मग नावाचं बघू, हेच त्यांचं पालुपद. मोजणीत तसंच असतं म्हणाले. आधी जमीन मोजून पदरात पडते, मग तिला नाव पडतं. मी हात टेकले आणि जसं सांगितलं तसं लिहिलं. खाली त्यांनी उर्दूत सही ठोकली. पोस्टमास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि तिकिटं किती लावायची ते त्यांच्या पुस्तकात शोधून काढलं.

चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं. खरं म्हणजे ते येईल असं मला वाटलंच नव्हतं. मोजणीदार ओसरीवर माझ्यासमोर ताठ बसले, बसम्मानं सूप बाजूला ठेवलं, आणि मी वाचायला लागले. पत्र फार सभ्य होतं. सुरुवातीला लिहिलं होतं, की आपल्या पत्रात सुचवलेलं नाव दिसत नाही, नावाशिवाय कुठल्याच प्रस्तावाचा विचार करता येत नाही. तेवढं मी मोठ्यानं मराठीत सांगितलं. आणि पुढं माझे डोळे खाली गेले. खाली लिहिलं होतं, की नाव अशाच व्यक्तीचं हवं जिनं त्या प्रदेशासाठी काही काम केलंय. पूर्वी काही झालं असलं तरी आता नातेवाइकांची, जवळच्या माणसांची नावं देता येत नाहीत. मी मान वर केली. मोजणीदार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखे बसले होते. मी कागदाची घडी घातली. "एवढंच आहे. नाव कळवा म्हणतात."

का केलं मी तसं? दया आली म्हणावं तर माझा स्वभाव काही तसा नव्हता. पण त्या चेहऱ्याकडं बघून माझी जीभ वळली नाही. बसम्मा चूल पेटवायला आत वळली तसे ते म्हणाले, "मग आता सांगायला पाहिजे." त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं ते बसम्मालाही पुरतं माहीत नव्हतं, कारण ती लग्न होऊन या गल्लीत आली ती त्यानंतर.

त्यांना मुलगी झाली होती. लग्नानंतर बारा वर्षांनी, एकच. ते तेव्हा येरमाळ्याच्या शिवारात मोजणीवर होते. निरोप आला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. शिवारातले थोडेच नंबर राहिले होते. ते अर्धवट टाकून आलं तर पुन्हा सगळा तळ तिथं हलवावा लागला असता. त्यांनी दिवस मोजले. बारसं बाराव्या दिवशी, अकराव्याला पोचता येतं. काम हातावेगळं केलं आणि अकराव्या दिवशी दुपारी घरी आले. मुलगी दहाव्या दिवशी पहाटे गेली होती. माती देऊन झाली होती. "मी तिला पाहिली नाही," मोजणीदार म्हणाले. "दहा दिवस ती त्या समोरच्या घरात होती आणि मी शेतं मोजत होतो."

नाव ठेवायला बेंबळीहून त्यांची थोरली बहीण येऊन बसली होती. आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, तो तिचा होता. तिनं नाव मनाशी ठरवून आणलं होतं आणि रीतीप्रमाणं कुणाला सांगितलं नव्हतं. मोजणीदारांनी तिच्या पाया पडून विचारलं, काय ठेवणार होतीस ते तरी सांग. ती हटून बसली. जे बाळाच्या कानात गेलं नाही ते ओठावर आणायचं नाही, असं म्हणून ती तशीच परत गेली, आणि पुढं कधीतरी ते नाव पोटात घेऊनच वारली. चावडीच्या पुस्तकात मुलीची नोंद झाली तेव्हा नावाच्या रकान्यात आडवी रेघ आली. घरात नवराबायको तिला नुसतं 'ती' म्हणायचे. ती आता चालली असती, ती आता शाळेत गेली असती. पुढं बायकोही गेली, आणि 'ती' म्हटल्यावर कळणारं माणूस उरलं नाही. "आता मी एकटाच आहे ज्याला ठाऊक आहे की ती होती," मोजणीदार म्हणाले. "मी गेलो की झालंच. म्हणून म्हटलं, एवढा मोठा मुलूख आहे, कुणाच्या उपयोगाचा नाही. एक खडक दिला तर काय बिघडतं."

मग त्यांनी दरख्वास्त सांगितली होती त्यापेक्षा हळू आवाजात सांगितलं, की त्यांना स्वतःला नाव ठेवता यायचं नाही, बापानं ठेवलं तर ते चालत नाही. "तुम्हाला भाऊ नाही, मला बहीण राहिली नाही. तुम्ही आत्या होता का, बाई?"

भाऊ नसलेल्या बाईला कुणी कधी आत्या म्हणत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि मी त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांच्या त्या एका वाक्यावर हो म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण पदरात तो घडी घातलेला कागद होता. मी नाव सांगणार, हे मला ते समितीला कळवायला लावणार, मग पुन्हा चार महिने पोस्टमनची वाट बघणार, आणि सगळं माझ्या खोटेपणावर उभं. मी तुटकपणे म्हटलं, मला असलं काही जमत नाही, मला रीतभात माहीत नाही. ते "बरं" म्हणून उठले.

त्यानंतरचे सहा-सात महिने मला आठवायलाही नको वाटतात. रविवारी मी मुद्दाम शाळेत जाऊन बसायची. रस्त्यात दिसले तर मी दुसऱ्या अंगानं जायची. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण मी हजेरी घ्यायला लागले की मनात तेच. एकेक नाव उच्चारायची आणि बघायची, हे शोभलं असतं का, हे हाक मारायला सोपं आहे का. चाळीस पोरींची नावं मी रोज जिभेवर घोळवून बघत होते आणि वर्गाला वाटायचं, बाईंना आज बरं नाही. आणि एक नाव, जे वर्गात कुणाचंच नव्हतं, ते आपोआप येऊन बसलं. मी त्याला हाकलून लावायची, पण ते काही जाईना.

मग माझी बदली कळंबला झाली. सामान बांधून झालं, दुसऱ्या दिवशी सकाळची एस्.टी. होती, आणि तो कागद ट्रंकेत टाकायला हात होईना. बसम्मा बाजाराला गेली होती. मी तशीच उठले, गल्ली ओलांडली आणि दिवसाढवळ्या त्यांच्या खोलीत गेले. ते दारालगतच्या खांबाला टेकून बसले होते, बरेच खंगले होते. मी कागद पुढं केला आणि म्हटलं, मोजणीदारसाहेब, मी तुम्हाला पूर्ण वाचून दाखवलं नव्हतं. आणि उभ्या उभ्याच खालचा मजकूर सगळा वाचला, नातेवाइकांची नावं देता येत नाहीत इथपर्यंत.

ते म्हणाले, "ठाऊक आहे."

मला कळेना. मी विचारलं, कुणाकडून वाचून घेतलंत?

"कुणाकडून नाही. तुम्ही चार ओळींचं बोलला. कागदावर सतरा ओळी होत्या. मी समोर बसून मोजल्या." आणि वर म्हणाले, "जन्मभर तेच केलं ना, बाई. चांगली खबर असती तर तुम्ही खालचं गिळलं नसतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, मग त्या दिवशी मला आत्या व्हा म्हणून का विचारलंत, जागा मिळणार नाही हे कळलं होतं तर? ते माझ्याकडं बघून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, त्यांचा नियम बरोबर आहे, नाहीतर जो तो आपल्याच घरची नावं ठेवत सुटेल. "बर्फ त्यांचा आहे, त्यांची माणसं त्यांनी ठेवावी. जागेचं काय, मिळाली नाही तरी चालतं. पण नाव ठेवायला आत्या लागते. ती मला ह्या गल्लीत मिळाली होती."

मी खाली बसले. पाळणा नव्हता, बाळ नव्हतं, घुगऱ्या नव्हत्या. मी विचारलं, कुणाच्या कानात सांगू? त्यांनी आपला उजवा कान माझ्याकडं केला. मी पदर डोक्यावर घेतला, वाकले आणि सहा महिने जे जिभेवर आणून मागं सारलं होतं ते नाव त्यांच्या कानात सांगितलं. त्यांचे ओठ दोनतीनदा हलले, आवाज न करता. मग त्यांनी तो वाळका हात उचलला आणि माझ्या पाठीवर हलकेच एक बुक्की मारली. आत्यानं नाव सांगितल्यावर बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात, ती रीत. तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तीही त्यांनीच पार पाडली. मग आम्ही दोघं रडलो. मी जरा जास्त.

सकाळी ते स्टँडवर आले नाहीत. हैदराबादेकडचे ट्रक धूळ उडवत जात होते. मी एस्.टी.त खिडकीशी बसले आणि वाट बघत राहिले, शेवटी गाडी सुटली. पुढं कळंबात, मग आणखी दोन गावी मी भूगोल शिकवला. नकाशा भिंतीवर टांगला की खालच्या कडेला तो पांढरा पट्टा यायचा. पोरी विचारायच्या, बाई, तिथं काय आहे? मी सांगायची, तिथं स्वयंपाक्याच्या नावाचंसुद्धा टेकाड आहे, आणि पोरी हसायच्या. ते नाव मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला मुलगी झाली नाही, लग्नच झालं नाही. पण कुणी मला घरात कोण कोण आहे म्हणून विचारलं की मी मनात एक जास्त धरायची.

कळंबला गेल्यावर वर्षाच्या आतच बसम्माचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मधल्या सुट्टीत शिपायानं आणून दिलं. लिहिलं होतं, 'मोजणीदार गेले. तीन दिस ताप हुता. शेवटाला एका पोरीला सारखं हाका मारत हुते, घरात ये म्हनत हुते. समद्या गल्लीत इचारलं, त्या नावाची पोरगी कुनाचीच न्हाय. तुमाला ठावं असंल तर तिला निरोप द्या, लई वाट बगून गेले म्हनावं.'

घंटा झाली, वर्ग भरला, मी तशीच उभी होते. संध्याकाळी बसम्माला उलट टपाली लिहिलं, की ती मुलगी माझी भाची आहे, तिला मी सांगते.